आग्नेलच्या शेडमधली विषबाधा

मी जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मालवणला चालले आहे म्हटल्यावर स्टाफरूममध्ये सगळ्यांनी समुद्र, किल्ला आणि सुरमई अशी तीन नावं घेतली. मी म्हटलं, होड्यांच्या कारखान्यातला वास घालवायला चालले आहे. त्यावर भूगोलाच्या सरांनी विचारलं, "समुद्राचा?" तिथून पुढे मी कुणाला काही समजावलं नाही.

समजावण्यासारखं खरं तर थोडंच होतं. फायबरची होडी करताना लागणाऱ्या राळेतून स्टायरीन नावाची वाफ उडते. जळक्या फुग्यासारखा वास येतो, डोकं धरतं, डोळे चुरचुरतात. ही वाफ नुसती जाळायची तर भट्टी पेटवावी लागते. पण तापवलेली हवा प्लॅटिनमच्या अतिसूक्ष्म कणांवरून नेली, तर वाफ बऱ्याच कमी आचेवर मोडते आणि मागे राहतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. हे कण एका सिरॅमिकच्या विटेवर पसरलेले असतात. विटेला आरपार शेकडो चौकोनी भोकं असतात. प्लॅटिनम स्वतः खर्च होत नाही, फक्त काम घडवून आणतं. अशा पदार्थाला कॅटलिस्ट म्हणतात. मराठीत उत्प्रेरक. हा मराठी शब्द मी तिथे पहिल्याच दिवशी वापरला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कुडाळ

आमच्या प्रयोगशाळेत केलेली नवी वीट मी रेल्वेत चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. ठेच लागली तर तडकते, म्हणून बाकाखाली ठेवायची सोय नव्हती. चिपळूणच्या पुढे समोरच्या बाईंना राहवलं नाही. त्यांनी चादरीचं टोक उचलून आत पाहिलं आणि शिरवाळ्यांचा साचा कुठे मिळाला म्हणून विचारलं. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया. नारळाच्या गोड रसात बुडवून खातात. हा साचा नाही, हवा शुद्ध करायची वीट आहे, असं मी सांगितलं. त्यांनी भोकांतून माझ्याकडे पाहिलं, मी पलीकडून त्यांच्याकडे पाहिलं. भोकं फार बारीक आहेत, पीठ अडकेल, असं मत देऊन त्या कणकवलीला उतरल्या.

कुडाळ स्टेशनवर आग्नेल फर्नांडिस तीनचाकी टेम्पो घेऊन आला होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, सतत घाईत असलेला माणूस. त्याच्या शेडवर आमचं पहिलं यंत्र पावसाळा संपल्यावर बसवलं होतं. ते छान चाललं आणि मग दर आठवड्याला थोडं थोडं मंदावत गेलं. आता वास पूर्वीसारखाच येत होता, आणि शुक्रवारच्या ग्रामसभेत शेड ठेवायची की बंद करायची याचा निर्णय होणार होता. दोन होड्या अर्ध्या झाल्या होत्या. हे सगळं त्याने काजूच्या मोहोरातून जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यावर, एक हात सुकाणूवर आणि दुसरा हवेत ठेवून सांगितलं. त्याचा तो मोकळा हात स्टिअरिंगवर यावा एवढीच तेव्हा माझी इच्छा होती.

शेड

मालवणहून आचऱ्याकडे जाताना एका वाडीत त्याचं घर आणि घरामागे शेड. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना ही हकिकत आपली खाजगी बाब वाटते. घर कौलारू, अंगणात क्रूस, क्रूसापुढे झेंडूची माळ. शेजारच्या घरापुढे तुळस, तिलाही त्याच झेंडूची माळ. दोन्ही घरांचा झेंडूचा वाफा एकच होता, मधून दगडांचा बुटका गडगा गेला होता एवढंच.

आग्नेलची बायको रोझी हिने आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं. आमच्याकडे पाहुणा आला की भरताचं वांगं भाजायला घेतात आणि तो जेवेपर्यंत तिखटाची चर्चा चालते. इथे कुणी चर्चा करत नव्हतं. आंबोळी संपायच्या आत दुसरी ताटात येत होती.

गडग्यापलीकडे नाकाला रुमाल लावून आबा परब उभे होते. मुंबईत नोकरी करून निवृत्त झाल्यावर शुद्ध हवेसाठी ते गावी परतले. त्यांचं घर बांधून झालं आणि पाठोपाठ आग्नेलची शेड उभी राहिली. तेव्हापासून ते अर्ज करत होते. माझ्याशी ते अर्जाच्याच भाषेत बोलले. सदर यंत्राचा कोणताही उपयोग झालेला नसून आपण त्यात जातीने लक्ष घालावे, असं त्यांचं म्हणणं होतं. मी लक्ष घालते म्हटलं. त्यांनी रुमाल क्षणभर काढून नमस्कार केला आणि परत लावला.

यंत्र थंड झाल्यावर जुनी वीट बाहेर काढली. तोंडावर पांढुरकी झाक होती. काजळी असती तर तापवल्यावर जळून गेली असती. ही झाक तापवून गेली नाही, धुऊन गेली नाही. अशी झाक सिलिकॉनची असते. चकाकी आणणाऱ्या पॉलिशमधलं सिलिकॉन हवेतून येतं, गरम विटेवर जळून त्याची वाळू होते आणि प्लॅटिनमचे कण तिच्याखाली गाडले जातात. आमच्या धंद्यात याला कॅटलिस्टला विषबाधा होणं म्हणतात.

आग्नेलला विचारलं. त्याने गळ्यातल्या क्रूसाला हात लावून सांगितलं की पहिल्या दिवशी मीच बजावल्यापासून शेडमध्ये सिलिकॉनचा थेंब आलेला नाही. साचा तो साध्या मेणाने पुसत होता. कामाला लवू मेस्त्री नावाचा एकच माणूस होता. दिवसभर तो शांतपणे राळ फासायचा आणि रात्री दशावतारी नाटकात राणीची कामं करायचा. मान खाली घालून तोही नाही म्हणाला. पॉलिश त्याने कधी हातात धरलं नव्हतं.

म्हणजे विष कुठून येतं ते कळत नव्हतं. ते कळेपर्यंत नवी वीट आत घालण्यात अर्थ नव्हता. तीही मेली असती.

बसथांबा

घरात मोबाइलला रेंज नव्हती. ती बसथांब्यावर, चहाच्या हॉटेलसमोर एका ठरावीक दगडावर चढलं की येई. बुधवारी सकाळी आग्नेल कसलीशी गॅस्केट आणायला कुडाळला गेला. मी त्या दगडावर चढून जळगावला माझ्या सहकाऱ्याला फोन लावला. त्याला नीट ऐकू जात नव्हतं, म्हणून मी ओरडून बोलत होते. काय बोलले ते मला चांगलं आठवतं, कारण नंतर ते मला पुष्कळ लोकांनी म्हणून दाखवलं.

"आग्नेलच्या कॅटलिस्टला विषबाधा झालीय. हो, संपला तो. आता काही उपयोग नाही. विष कोणी घातलं ते कळल्याशिवाय दुसरा आत घालायचा नाही, नाहीतर तोही मरेल."

हॉटेलवाल्यांच्या हातातली बशी तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. इथली माणसं किती आतिथ्यशील, असं मनात म्हणत मी समुद्रावर गेले. पाणी पार मागे गेलं होतं. ओल्या वाळूवर खेकड्यांनी बारीक गोळ्यांची नक्षी घातली होती. आमच्याकडे तापीचं पाणी हटलं की चिखल उरतो. इथे एवढी सुबक नक्षी मागे राहते हे बघत मी बराच वेळ बसले.

अंगण

परत आले तेव्हा फर्नांडिसांच्या अंगणात निम्मं गाव होतं.

बायका ओट्यावर बसल्या होत्या. कुणी पेज आणली होती, कुणी केळ्यांचा घड. रोझी मधोमध बसून बावचळलेल्या नजरेने एकेकीकडे पाहत होती. तव्यावर बांगडे टाकले असतानाच तिला हाताला धरून बाहेर आणलं होतं आणि धीर धर म्हणून सांगितलं होतं. कशासाठी ते कुणी सांगत नव्हतं, कारण प्रत्येकीला वाटत होतं की दुसरीने सांगितलं असेल. आतून बांगडे जळल्याचा वास येत होता. तेवढ्यात पाद्री स्कूटरवरून आले. आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल त्यांच्या हातात होतं. आजारी कुठे आहे असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "कोण आजारी?" ते म्हणाले, "आग्नेल. आपणच तर फोनवर सांगत होतात."

मी असं काही बोलले नाही, हे सांगायला तोंड उघडलं, तोच गडगा ओलांडून आबा परब आले. रुमाल नाकाला नव्हता, हातात होता. त्यांच्या मागे चारपाच पुरुष नुसतेच उभे राहिले. शेडवरून भांडण कुणाचं होतं हे गावाला ठाऊक होतं, त्यामुळे विष कुणी घातलं याबद्दल गावात दुमत नव्हतं. आबांना ते हॉटेलात चहा मागितल्यावर कळलं. त्यांना चहा मिळाला नव्हता.

आबा रोझीसमोर उभे राहिले. अर्जाची भाषा पार गळून पडली होती.

"रोझी, मी तेका कायव घालूक नाय गो. माजो राग वासार होतो. तेच्यार नाय. शेड ऱ्हवांदे, वास ऱ्हवांदे, पण तो जगांदे."

आता कुठे रोझीला कळलं आणि तिने जो हंबरडा फोडला तो मी विसरणार नाही. मी तिच्याकडे धावले. ओरडून सांगत होते की माणूस नाही, वीट मेली आहे. बायकांना वाटलं धक्क्याने माझं डोकं फिरलं. एकीने मला धरून बसवलं आणि पेज प्यायला दिली.

त्याच वेळी आग्नेल कुडाळला एका हार्डवेअरच्या दुकानात मोबाइल चार्जिंगला लावून उभा होता. फोन चालू झाल्यावर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याला पहिली गोष्ट दिसली ती स्वतःचा फोटो. भोवती फुलांची चौकट, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. तो घरी फोन करत राहिला, पण घरी रेंज नव्हती. मग टेम्पो त्याने कसा आणला, हे त्याच्याबरोबर एकदा आले असल्यामुळे मी कल्पू शकते.

टेम्पो अंगणात शिरला तेव्हा पाद्री नुकतीच प्रार्थना सुरू करत होते. आग्नेल उतरला. रोझी उठली, त्याच्यापाशी गेली आणि तिने त्याच्या दंडावर जोरात एक चापट मारली. मग त्याच दंडाला धरून उभी राहिली, ती सोडीना. आबा तुळशीच्या बाजूला तोंड करून रुमालात नाक शिंकरत होते. आग्नेल पहिलं वाक्य बोलला ते असं:

"त्यो फोटो कोणी लायलो? लग्नात नाचतानाचो?"

उत्प्रेरक

लोक घरी जायला तयार नव्हते. आले होते तर विषबाधा कुणाला झाली ते बघूनच जायचं होतं. मी जुनी वीट बाहेर आणून ओट्यावर ठेवली. हा कॅटलिस्ट, म्हटलं. तुम्ही ऐकलंत ते कॅथलिक नव्हे. मराठीत उत्प्रेरक. वीट हातोहात अंगणभर फिरली. म्हाताऱ्यांनी भोकांतून आकाश पाहिलं. हॉटेलवाल्यांनी ती दोनदा उलटी केली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सकाळच्या चहाचे पैसे मागितले.

मग मी विष कसलं ते सांगितलं. चकचकीत करणारं काहीही. गाडीचं पॉलिश, सीटला मारायचा स्प्रे, केसांना लावायचं ते नवं सिरम.

लवू मेस्त्री मागे भिंतीला टेकून उभा होता. तो हळूच पुढे आला. त्याने विचारलं, खोट्या केसांचं चालतं का. मी विचारलं, कसले खोटे केस. तो शेडकडे निघाला आणि सगळं अंगण त्याच्या मागे. वाफ ओढून घेणारा जो पत्र्याचा रुंद नळ होता, त्याच्या अगदी तोंडाशी, आतल्या बाजूला त्याने एक खिळा ठोकला होता. खिळ्याला राणीचा कंबरेपर्यंतच्या केसांचा टोप लटकत होता. रोज सकाळी लवू तो धुवायचा, सिरम फवारायचा आणि तिथे टांगायचा.

"थंय वारो बरो खेळता," तो म्हणाला. "कालच्या खेळात लोकांनी केसांका टाळये दिले."

आग्नेल त्याच्या अंगावर जाईल असं मला वाटलं. पण नुकतंच ज्याच्यासाठी गाव रडलं आहे त्या माणसाला रागावणं जड जातं. त्याने टोप खिळ्यावरून काढला, लवूच्या हातात दिला आणि खिळा उपटायला पक्कड आणली. लवूला रडू येत होतं. टोप त्याने पोटाशी धरला होता. एक आजीबाई त्याला समजावत होत्या की मुद्दाम थोडंच केलंस, आणि जाता जाता ते सिरम कुठे मिळतं ते विचारत होत्या.

कुणकेश्वर

गुरुवारी पत्र्याचे सगळे नळ आतून घासायचे होते. आग्नेल आणि लवू त्याला लागले आणि मला अडचण नको म्हणून आबांबरोबर रिक्षाने कुणकेश्वरला पाठवलं. मला बरंच वाटलं. देऊळ अगदी समुद्राला लागून आहे. आमच्याकडे देवळातून बाहेर पडलं की प्रसादाची दुकानं लागतात, इथे पायऱ्या उतरलं की लाट. दर्शन घेऊन आम्ही वाळूवर शहाळी पीत बसलो. होड्या ओढून ठेवल्या होत्या. त्यांतल्या एका निळ्या होडीकडे बोट दाखवून आबा म्हणाले, ही आग्नेलची. आवाजात थोडा अभिमान होता, तो त्यांनी लगेच गिळला.

मग त्यांनी शहाळं वाळूत ठेवलं. हॉटेलात ती बातमी ऐकल्यावर पहिलं काय मनात आलं सांगू का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

"आता वास बंद होईल. हे पहिलं आलं मनात. दुसरं काही यायच्या आधी. आणि मगे माका माझीच घाण इली, मॅडम."

मी शहाळ्यातली मलई खरवडून त्यांना दिली. त्यांनी ती खाल्ली. परतीच्या वाटेत त्यांनी रिक्षावाल्याला धूर फार सोडतोस म्हणून सुनावलं, तेव्हा मला जरा हायसं वाटलं.

शुक्रवार

ग्रामसभा शेडमध्येच भरली. नवी वीट बसवायच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालावं असं ठरलं आणि फर्नांडिसांनाही ते हवंच होतं. मी एवढंच म्हटलं की अगरबत्ती आणि कापूर बाहेर. तेव्हा वीट पाटावर ठेवून अंगणात आणली. गावकऱ्यांनी नारळ पुढे धरला आणि देवाला हाक घातली. ह्या जा काय जळगावसून इलेला मधाचा पोळा आसा, तेच्यार कोणाची वाकडी नजर असात, कोणी केसांचा काय लायला असात, तर ता दूर कर, आणि शेडीक आणि परबांच्या नाकाक सुखी ठेव रे म्हाराजा. सगळे म्हणाले, होय म्हाराजा. आबाही म्हणाले. मग पाद्रींनी पुढे होऊन विटेवर पाणी शिंपडू का म्हणून विचारलं. मी थोडंच म्हटलं, आणि तापायला वेळ लागेल हेही सांगितलं.

वीट आत गेली. हवा तापली. आग्नेलने मुद्दाम मोठा पत्रा अंथरून त्यावर राळ फासली, म्हणजे वासाला कमी पडू नये. माझ्याकडे मोजायचं यंत्र होतं आणि त्यावरचा आकडा भराभर उतरत होता, पण ते कुणी बघत नव्हतं. सगळे गडग्याकडे बघत होते, कारण शेडचा निर्णय आबांच्या नाकावर होता. वारा समुद्रावरून आबांच्या घराकडे वाहत होता. आबा गडग्यापलीकडे उभे होते. डोळे मिटलेले, मान वर, रुमाल खिशात.

शेडमध्ये पंख्याचा आवाज तेवढा होता. रोझीने आग्नेलचा दंड धरला होता.

"वास येता," आबा म्हणाले.

आग्नेलचं तोंड उतरलं. मी यंत्रावरचा आकडा परत पाहिला. तो जवळजवळ शून्यावर होता.

"कसलो?" आग्नेलने विचारलं.

डोळे न उघडता आबांनी नाक डावीकडे फिरवलं, मग उजवीकडे, आणि चालू लागले. माड ओलांडला, विहीर ओलांडली. आम्ही गडगा ओलांडून त्यांच्या मागे. ग्रामसभाही मागे. घराला वळसा घालून ते परसात आले आणि थांबले. तिथे चटईवर सुकट वाळत होती आणि त्यांची बायको, जिला सगळे काकी म्हणत, बाजूला बसून कावळे हाकलत होती. एवढी माणसं बघून तिने पदर सारखा केला.

"ह्यो वास कधीपासून आसा?" आबांनी विचारलं.

"आमचा लगीन झाल्यापासून," काकी म्हणाली.

आबा चटईकडे बघत राहिले. मग गंभीरपणे माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं की याच्यासाठी एखादं लहान यंत्र होऊ शकेल का. मी विचार करत होते, कारण तत्त्वतः होऊ शकतं. पण काकीने मला बोलूच दिलं नाही. तिने आत जाऊन चूल फुंकली, मूठभर सुकट तव्यावर टाकली, वर कांदा आणि कोकम, आणि आतूनच म्हणाली, "मशीन-बिशीन नको. जेवूक बसा."

आबा बसले. पहिला घास घेतल्यावर त्यांनी हात थांबवला. कितीतरी दिवसांत जेवणाला चव लागली नव्हती, असं ते खाली बघत म्हणाले. मग आग्नेलला हाक मारून त्यांनी शेजारचा पाट पुढे सरकवला.